आवळवाडीच्या चाळीस ताटल्या

आजच्या माझ्या निरोपसमारंभाचे अध्यक्ष माननीय चंद्रप्रकाश देसाईसाहेब, व्यासपीठावर बसलेल्या आपल्या ग्रामीण बालसहाय्य मंडळाच्या कार्यवाह अनुपमाताई, विश्वस्त मंडळातली वडीलधारी मंडळी, घाटकोपर-मुलुंडहून अगत्यानं आलेले देणगीदार बंधू आणि भगिनी, कचेरीतले माझे सोबती, आणि तिसऱ्या रांगेत डोक्यावरून पदर घेऊन बसलेली माझी पत्नी सौ. रुक्मिणी, तुम्हां सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

मला पाच मिनिटं मिळाली आहेत. मघाशी निवेदकांनी कानात सांगितलं, "लवूमामा, आटोपशीर घ्या हं, खाली पानं मांडून झालीत." आणि घरून निघताना आमच्या मंडळींनी मालवणीत बजावलंय, "गप दोन शब्द बोला नि खाली बसा. काय वाकडातिकडा बोलू नकात." तेव्हा दोन्ही बाजूंनी माझ्यावर लगाम आहे. पण सतरा वर्षं मी तुमच्या संस्थेची गाडी चालवली, कधी बोललो नाही. तुमच्या म्हणालो का? आपल्या म्हणायचं होतं. राहू द्या, निघून गेलं तोंडातून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी लवू धाकू गावकर. राहणार नाहूर. आधी परळच्या एका गिरणीचा ट्रक चालवायचो आणि सुटीच्या दिवशी कामगारांच्या नाटकात राजाचं काम करायचो. त्यामुळे माईकची भीती नाही. एकाहत्तर साली मंडळाच्या जीपवर लागलो. तेव्हापासून दर गुरुवारी पहाटे घाटकोपरच्या गोदामातून सुकडीच्या, म्हणजे पोरांच्या पौष्टिक पिठाच्या, गोण्या आणि दूध पावडरीचे डबे भरायचे, ठाणं, भिवंडी, पडघा करत शहापूरच्या आतल्या वाड्यांवर पोचवायचे. माझ्या आधी जे वक्ते बोलले ते म्हणाले, लवूमामांचा एकही गुरुवार चुकला नाही. खरं आहे. एकही चुकला नाही. पोराचं लग्न बुधवारी केलं मी.

(हसलात, बरं वाटलं.)

पण मंडळी, मी गाडीतून काय काय नेलं ते सगळ्यांनी सांगितलं. गाडीतून परत काय आणलं ते कुणी सांगितलं? कुणीच नाही. कारण ते फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. तेवढंच सांगतो आणि बसतो.

शहापूरच्या पुढे मोठ्या रस्त्याला एक फाटा फुटतो. तिथून आत कच्च्या रस्त्यानं नऊ किलोमीटर गेलं की आवळवाडी. ठाकरांची वस्ती, पस्तीस-चाळीस घरं. अठ्ठ्याहत्तर साली मंडळानं तिथं केंद्र काढलं. पाच वर्षांखालच्या पोरांना रोज एक वेळ शिजवून घालायचं आणि दर गुरुवारी त्यांची वजनं करायची. वजनाचा तराजू म्हणजे हुकाचा. तो आढ्याला टांगायचा, खाली कापडाची झोळी, झोळीत मूल. पहिल्या गुरुवारी आम्ही तो टांगला आणि वाडीतल्या सगळ्या बाया पोरं उचलून पळाल्या. आम्हाला कळेना, झालं काय? मग उलगडलं. तसला तराजू त्यांनी फक्त व्यापाऱ्याकडे बघितला होता. तो त्यांचा डिंक नि हिरडे त्यावर तोलून घेऊन जायचा. त्यांना वाटलं, मुंबईवाले आता पोरं तोलून नेणार.

तेव्हा एक बाई पुढे आली. तिशीतली असेल, काटक, कपाळावर गोंदण. म्हणाली, "मला तोला आधी. मला कोन इकत घेतंय ते बगू दे." आणि खरंच झोळीला लोंबकळली की हो! काटा पार टोकाला जाऊन अडकला. सगळी वाडी हसली, आमच्याबरोबर आलेली डॉक्टरीण हसली, आणि हसता हसता बायांनी पोरं पुढे केली. त्या बाईचं नाव शेवंती. तिच्याच पडवीत केंद्र बसलं आणि तीच केंद्राची सेविका झाली.

तिला अक्षर येत नव्हतं. वजनं नोंदवहीत लिहायला डॉक्टरीणबाई दर आठवड्याला थोड्याच येणार? तेव्हा आकडे मी शिकवले तिला. मी, सातवी नापास ड्रायव्हर! जीपच्या दारावर धूळ बसलेली असायची, त्या धुळीत बोटानं एक ते नऊ काढायचो आणि ती खाली गिरवायची. चार गुरुवारांत शिकली. पाच तेवढा उलटा काढायची, तो शेवटपर्यंत उलटाच राहिला. पण जे काट्यावर दिसेल तेच वहीत लिहायची, पाव किलोसुद्धा इकडचा तिकडे नाही. एकदा मीच म्हटलं, "शेवंताबाय, नऊला थोडं कमी आहे, नऊ लिही की, बरं दिसेल." तर म्हणाली, "मामा, काटा बोलतोय ना, मग तू कशाला मधी बोलतोस?"

तिच्या घरात माणिक नावाची पोर होती. मेलेल्या बहिणीची मुलगी. वाडीवर आणली तेव्हा दोन वर्षांची आणि भरली सहा किलो. सहा किलोचं दोन वर्षांचं मूल कसं दिसतं, ते या सभागृहात मी सांगत नाही, खाली पानं मांडली आहेत. शेवंतीनं तिला सुकडी दुधात कालवून, बोटानं चाटवून चाटवून वाढवली. चौथं संपता संपता माणिक तेरा किलो झाली. झोळीत मावेना. त्या दिवशी शेवंतीनं मला घरातला शेवटचा गूळ घालून चहा दिला.

आणि एकटी माणिकच नव्हे. वाडीतली जवळजवळ सगळी पोरं वहीतल्या तांबड्या, कुपोषणाच्या रेषेच्या वर गेली. मंडळाच्या चौदा केंद्रांत असं एकच केंद्र. परदेशातले पाहुणे आले, फोटो काढले. मला वाटलं, या बाईला आता बक्षीस मिळणार.

मिळालं ना. चौऱ्याऐंशीचा मार्च असेल. अनुपमाताईंनी मला कचेरीत बोलावलं. ताई, तुम्ही इथं बसला आहात म्हणून मी पदरचं काही घालत नाही. चुकलो तर अडवा. तुम्ही म्हणालात, "लवूमामा, आवळवाडी आता स्वावलंबी झाली. नियमाप्रमाणे तिथलं केंद्र बंद करून दुसऱ्या गरजू वाडीवर न्यायचं आहे. या गुरुवारी जाल तेव्हा तिथलं सामान परत घेऊन या."

मी विचारलं, "ताई, पोरं बरी झाली म्हणून खाणं बंद?"

तुम्ही म्हणालात, "मामा, हा आपला नियम नाही, परदेशातल्या देणाऱ्यांचा आहे. वर्षभर चारातली तीन मुलं रेषेच्या वर राहिली की केंद्र सोडायचं. गोण्या मोजक्या आहेत, वाड्या खूप आहेत. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

मला सांगता आलं नाही. आजही येत नाही, म्हणून ताईंना मी वाईट म्हणत नाही. मी एवढंच विचारलं, "बायांना काय सांगायचं?"

ताई म्हणाल्या, "अभिनंदन सांगा."

आणि एक छापील प्रशस्तिपत्र दिलं, प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून, त्यावर सुरेख अक्षरात नाव, श्रीमती शेवंती पारधी. सोबत सामानाची यादी दिली. मोठी पातेली दोन, डाव एक, तराजू झोळीसह एक, जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटल्या चाळीस.

गुरुवारी रिकामी जीप घेऊन गेलो. रिकामी जीप खडखडते फार, तो आवाज भरल्या गाडीला नसतो. बाया नेहमीसारख्या पडवीत जमल्या होत्या. शेवंतीनं मागं डोकावून बघितलं. "मामा, आज गोण्या न्हाईत?" मी म्हटलं, आधी ऐका. मी पडवीत उभा राहिलो आणि नाटकातल्या राजाच्या आवाजात ते प्रशस्तिपत्र वाचलं. वाचून झाल्यावर मीच टाळ्या वाजवल्या. मामा वाजवतोय म्हणून बायांनीही वाजवल्या. पोरांनी वाजवल्या. आणि टाळ्या थांबल्यावर मी भांडी मागितली.

कुणी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. मी तयारी करून गेलो होतो, वाटेत चार उत्तरं पाठ केली होती. पण ती लागलीच नाहीत. शेवंतीनं पातेली उचलली आणि राखेनं घासायला बसली. मी म्हटलं, "अशीच दे गं, मी धुऊन घेईन." तर म्हणाली, "उष्टी भांडी कशी द्यायची? दुसऱ्याच्या पोरांनी त्यात खायचं हाय." तासभर घासत होती. मी दगडावर बसून बिडी ओढत होतो.

मग ताटल्या. यादीत चाळीस, भरल्या एकोणचाळीस. मी म्हटलं, "एक कमी आहे."

मंडळी, या वाक्यासाठी मी आज इथं उभा आहे. एक कमी आहे! एक ताटली, जर्मनची, कडा चेपलेली. मी यादीवर लिहू शकलो असतो की हरवली. चाळीस भरतात का, हे गोदामात कुणी मोजून बघणार नव्हतं. पण माझा हिशोब कधी चुकत नाही असं कचेरीत माझं नाव होतं, ते मला प्यारं होतं. मी म्हटलं, एक कमी आहे.

शेवंती घरात गेली. माणिक आत बसून त्या ताटलीत नाचणीची आंबील खात होती. शेवंतीनं पोरीच्या पुढ्यातून ताटली उचलली, उरलेली आंबील पळसाच्या पानावर ओतली, ती पानावरून पसरली, आणि पोर जमिनीवरून बोटानं निपटायला लागली. शेवंतीनं ताटली घासली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली.

गाडीत बसताना तिनं एवढंच विचारलं, "मामा, आकडे तूच शिकवलेस. मी खोटे लिवले असते, तर भांडी ऱ्हायली असती का?"

मी म्हटलं, "उशीर होतोय." आणि स्टार्टर मारला.

चिठ्ठी आली आहे, दिसली मला. निवेदक, मी राजाचं काम करायचो तेव्हा पडदा पडल्याशिवाय जात नव्हतो. अजून थोडं आहे. ज्यांना भूक लागली असेल त्यांनी खुशाल उठावं, मी राग मानणार नाही.

नवं केंद्र त्याच रस्त्यावर, फाट्याच्या पुढे बारा किलोमीटरवर निघालं. त्यामुळे दर गुरुवारी मी आवळवाडीच्या फाट्यावरून जायचो. पहिल्या गुरुवारी तिथं सात-आठ बाया पोरं कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्यांना वाटलं असेल, चूकभूल झाली असेल, गाडी वळेल. माझ्या मागं गोण्या होत्या, पण त्या दुसऱ्या वाडीच्या, मोजलेल्या. मी हॉर्न दिला आणि पुढे गेलो. पुढच्या गुरुवारी चार बाया. हॉर्न दिला आणि गेलो. मग दोन. मग एकटी शेवंती, माणिकला घेऊन. पाच गुरुवार ती एकटी होती. पाचही वेळा मी हॉर्न दिला. कशासाठी देत होतो, मला विचाराल तर सांगता यायचं नाही. बहुधा मी तिला ओळखतो हे तिला कळावं म्हणून. सहाव्या गुरुवारी फाटा रिकामा होता, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

श्रावण-भादव्यात त्या भागात घरातलं धान्य संपतं आणि शेतातलं तयार व्हायचं असतं. त्या वर्षी त्याच दिवसांत गोवर आला. फाट्यावर दशरथ नावाच्या माणसाची चहाची टपरी आहे. त्यानं एका गुरुवारी हात करून गाडी थांबवली. म्हणाला, "मामा, तुमच्या आवळवाडीतली पोरं चालली."

"चालली म्हणजे कुठे?"

त्यानं फडक्यानं काच पुसली नि म्हणाला, "कुठं जानार? सात गेली."

सातातली एक माणिक.

मी मुंबईला येऊन ताईंना सांगितलं. ताई रडल्या. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण माझ्या डोळ्यांदेखत रडल्या आणि त्याच दिवशी पत्र टाईप करायला बसल्या. केंद्र परत सुरू करा म्हणून बाहेरच्या देणगीदारांना लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. मला इंग्रजी येत नाही, ताईंनीच वाचून दाखवलं. त्यांना फार दुःख झालं होतं. पण मुलांची वजनं पुन्हा घटली होती याची नोंद कृपया पाठवावी, असं त्यांनी लिहिलं होतं. नोंद पाठवली की ते विचार करणार होते.

आता सांगा, नोंद कुठून आणायची? तराजू कुठे होता? मी आणला होता तो परत. यादीत तिसरा होता, झोळीसह एक.

त्या सालच्या अहवालात आवळवाडीचं नाव आहे. स्वावलंबी केंद्र क्रमांक एक. मीच ते अहवाल घरोघर वाटले. घाटकोपर, मुलुंड, बोरीवलीपर्यंत जाऊन आलो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या दारात मी स्वतः दिला आहे. तुम्ही पाणी विचारलंत, चहा दिलात, चांगली माणसं आहात. ते पान कुणी वाचलं की नाही, मला माहीत नाही.

शेवंतीला मी त्यानंतर एकदाच भेटलो, पुढच्या उन्हाळ्यात. दशरथच्या टपरीपाशी करवंदं विकायला बसली होती. या वेळी मी गाडी थांबवली. खाली उतरलो, समोर उभा राहिलो. तीच म्हणाली, "हॉर्न ऐकू यायचा, मामा." बस. मग करवंदं निवडता निवडता म्हणाली, "मानिक हलकी होत चाललेली मला रोज समजत व्हतं. हातावर घेतली की हाताला कळतं. पन हाताला कळतं ते वहीत कसं लिवायचं, ते तू शिकवलं न्हाईस."

मी करवंदं घेतली. तिनं पानात बांधून दिली. ती घरी नेली नाहीत, पडघ्याला गाडीतून टाकून दिली. आवळवाडीतली निम्मी घरं आता कल्याणच्या वीटभट्ट्यांवर असतात. शेवंतीही तिकडेच गेली असं दशरथ म्हणतो. कुठल्या भट्टीवर, त्याला माहीत नाही. मी दोन रविवार शोधलं, सापडली नाही.

अध्यक्षमहाशय, आता तुमच्या भाषणातल्या एका गोष्टीबद्दल बोलतो. मघाशी आपण मोठ्या आनंदानं सांगितलंत की यंदा भोकरपाड्याचं केंद्र स्वावलंबी झालं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परवाच्या गुरुवारी, नोकरीतल्या माझ्या शेवटच्या फेरीला, मला तिथलं सामान आणायला पाठवलं होतं. प्रशस्तिपत्र दिलं होतं, यादी दिली होती. काल ताईंनी विचारलं, "मामा, भोकरपाड्याची भांडी गोदामात दिसली नाहीत?" मी म्हटलं, उद्या सांगतो.

तर सांगतो. भांडी मी आणली नाहीत. पातेली, ताटल्या, तराजू, सगळं तिथंच आहे. प्रशस्तिपत्र मी वाचलं नाही, ते माझ्या पिशवीत आहे, जाताना टेबलावर ठेवीन. मी काही शूर माणूस नाही. नोकरीचे दोन दिवस उरले असताना केलंय, सतरा वर्षं उरली असती तर केलं असतं का, मला खात्री नाही. चार वर्षांपूर्वी करायला हवं होतं, तेव्हा माझ्या हातात यादी होती आणि माझं नाव चांगलं होतं.

आणि यात मोठेपणाचंही काही नाही. भांडी ठेवली म्हणून कुणाचं पोट भरत नाही. पातेल्यात घालायच्या गोण्या आपल्या गोदामात आहेत. ताई म्हणतील, गोण्या मोजक्या आहेत. आहेतच. मग या सभागृहात जेवढे बसलो आहोत तेवढ्यांनी मिळून, देणाऱ्यांच्या नियमाबाहेर, एका वाडीच्या गोण्या उभ्या करता येणार नाहीत का? मला हे चार वर्षांपूर्वी विचारता आलं असतं. तुमच्या दारात अहवाल घेऊन उभा होतो. तुम्ही पाणी विचारलंत आणि मी पाणी पिऊन आलो.

बस, झालं. मंडळानं सतरा वर्षं मला सांभाळलं, आज शाल घातलीत, माझ्याबद्दल चांगलं बोललात, त्याचे मी आभार मानतो. अनुपमाताईंचे विशेष आभार, त्यांनी मला कधी नोकर म्हणून वागवलं नाही. तुम्हांला जेवणाला ताटकळत ठेवलं. कुणाला झोंबेल असंही बोललो असेन. गाडीवरच्या माणसाची जीभ आहे, मोठ्या मनानं सांभाळून घ्या. रुक्मिणी, तूही घे.

आणि एक सांगायचं राहिलं. भोकरपाड्याहून निघताना बायांनी विचारलं, "मामा, फुडल्या गुरुवारी गाडी येल ना?" मी म्हटलं, येईल, गोण्या घेऊन येईल. असं सांगायचा मला काहीही अधिकार नव्हता. बाकी सगळ्या चुका पोटात घाला. हा शब्द खोटा पडला तर मात्र मला क्षमा करू नका. येत्या गुरुवारी त्या दहा वाजल्यापासून पोरं घेऊन बसतील.

नमस्कार.